साडूंनी केलेले चॉकलेट

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू, यांना कोणतेच काम येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना प्रत्येक काम पहिल्या दिवसापुरते येते. दुसऱ्या दिवशी काय करायचे असते ते त्यांना आजवर कोणी सांगितले नाही, आणि त्यांनीही कोणाला विचारले नाही.

पंख्यांच्या एका कारखान्यात ते भांडार सांभाळायचे. कारखान्याने माणसे कमी करायची ठरवली आणि स्वखुशीने जायला कोण तयार आहे असे विचारले, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर गेला तो साडूंचा. "आता उरलेलं आयुष्य आवडीचं काम करणार," असे त्यांनी निरोपाच्या भाषणात सांगितले. टाळ्या पडल्या. आवडीचे काम कोणते, एवढेच ठरायचे बाकी होते. ते अजून बाकी आहे.

त्यानंतर साडूंनी शिबिरांचा रस्ता धरला. कोणी कुठे काही शिकवतो आहे असा नुसता सुगावा लागला की साडू पहिल्या रांगेत. "मी डोळ्यांनी शिकतो," असे ते म्हणतात. डोळ्यांतले हातांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत असावा. शिकून घरी आले की पहिली मागणी जागेची. मधमाश्या शिकून आले तेव्हा मागच्या व्हरांड्यात लाकडी पेट्या आल्या. मधमाशी हा कष्टाळू जीव. तिला साडूंची संगत मानवली नाही. माश्या उठून गेल्या, पेट्या राहिल्या. त्यांत आता घरातले जुने जोडे असतात. मग अळिंबी आली. तिला अंधार आणि ओल लागते म्हणून न्हाणीघराच्या छताला भुश्शाच्या पिशव्या टांगल्या, आणि माझी मेहुणी कित्येक महिने वाकून अंघोळ करत होती. खाण्याजोगी अळिंबी एकही उगवली नाही. भिंतीवर जे उगवले त्याला चुना मारावा लागला. साबणाने माळा खाल्ला. त्या साबणाला फेस येत नसे, पण कातडी निघे, आणि "मळ मुळापासून जातोय" असे साडू ज्याच्या-त्याच्या सोलवटलेल्या हाताकडे बघून सांगत.

अशा रीतीने घरात साडूंचा पाय न पडलेली एकच जागा उरली. ती म्हणजे रस्त्याकडची पुढची खोली, आणि तिथे माझी मेहुणी शिवण करते.

मेहुणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. त्या बोलायला कमी आणि कामाला वाघ. खोलीला रस्त्याच्या बाजूने रुंद खिडकी आहे. खिडकीखाली मशीन, शेजारी कापायचे लांब टेबल, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा. ताईंची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा असला की त्या मशीन आणखी खिडकीकडे सरकवतात. आतल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो. म्हणजे खिडकी गेली की शिवण गेले, आणि शिवण गेले की घर गेले; कारण कारखान्याने निरोपाला दिलेले सगळे मधमाश्यांबरोबर केव्हाच उडाले होते. एवढे न कळायला माणूस साडूच असावा लागतो.

चॉकलेटचे प्रकरण आमच्याच घरी चहा पिताना निघाले. साडूंनी खिशातून एक रंगीत पत्रक काढून मांडीवर सपाट केले. 'स्वतःच्या हाताने चॉकलेट बनवा', एका दिवसाची कार्यशाळा.

"रस्त्यावरची खोली आहे आपली," साडू म्हणाले. "काचेचं कपाट लावलं, एसी बसवला, वर माझ्या नावाची पाटी लावली की झालं दुकान."

"आणि मी कुठे बसू?" ताईंनी विचारले.

"तू आत बस. मशीनला काय, कुठेही पाय मारला की चालतं."

"पाय चालेल हो. सुईत दोरा कोण ओवणार? तुम्ही?"

"दिवा लावू ना मोठा!"

"मधमाश्यांच्या वेळी जाळी लावू म्हणाला होतात."

माझी बायको खुदकन हसली. साडूंनी ते मनावर घेतले नाही. मनावर घेणे हा त्यांचा स्वभाव नाही. ते माझ्याकडे वळले. "साडूभाऊ, तुम्ही सांगा. लोक शिवायला वर्षातून दोनदा येतात. चॉकलेट रोज खातात. तुम्ही वाणिज्य शिकलात, तुम्हाला कळेल."

"मला एवढं कळतं की शिवून दिलेलं उन्हात वितळत नाही," मी म्हणालो.

बायकोने मला डोळ्यांनी गप्प केले. ताईंनी कप खाली ठेवला.

"एकदाच सांगते," त्या म्हणाल्या. "जा, शिकून या. भाऊजींना बरोबर न्या. स्वतःच्या हातानं केलेलं चॉकलेट आणून दाखवा. दुकानातल्यासारखं चकचकीत हवं, मोडलं की टक् वाजायला हवं. तसं असेल तर खोली तुमची, मी आत बसेन. नसेल तर पुन्हा ह्या जन्मात खोलीचं नाव काढायचं नाही."

"कबूल!" साडू एवढ्या जोरात म्हणाले की जणू खोली मिळालीच.

ताई शब्द फिरवत नाहीत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. घरी सोडायला जाताना मी साडूंना विचारले की बायकोच्या मशीनखालचीच जमीन का हवी. त्यावर त्यांनी जे सांगितले ते पहिल्यांदाच थोडे खरे वाटले. म्हणाले, "दिवसभर दाराची घंटा वाजते साडूभाऊ. उघडायला मी जातो. समोरचा माणूस विचारतो, 'बाई आहेत का?' टपाल देणारासुद्धा मला 'शिवणवाल्या बाईंचे मिस्टर' म्हणतो. एकदा तरी कुणी माझ्याकडे आलं पाहिजे." मला क्षणभर वाईट वाटले. मग वाटले, आपल्याकडे कोणी यावे असे ज्याने काही केले नाही, त्याच्याकडे कोणी येत नाही, यात घंटेचा काय दोष?

कार्यशाळा स्वयंपाकघरातले ओटे आणि कपाटे विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. हॉल इतका गार की साडूंनी आत शिरताच हात चोळले आणि "व्यावसायिक वातावरण आहे" असा शेरा मारला. दारातच प्रत्येकाला ॲप्रन दिले. साडूंनी ते घातले, आणि शिकायला सुरुवात होण्याआधीच मला त्यांचे फोटो काढायला लावले: एक हातात डाव घेऊन, एक डाव न घेता, एक नुसता विचारमग्न.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे शेफ म्हणत होते. त्यांच्या बोलण्यात चॉकलेट कमी आणि अध्यात्म जास्त होते. "चॉकलेटला घाई आवडत नाही. चॉकलेट तुमचा मूड ओळखतं. त्याच्याशी बोला." शिकायला आलेल्यांत दोन मैत्रिणी होत्या, त्या चॉकलेटशी न बोलता आपसांत बोलत होत्या. लग्न ठरलेले एक जोडपे होते. ते एकाच चमच्याला दोघांनी धरून ढवळत होते आणि काहीच ढवळले जात नव्हते. आणि एक दातांचे डॉक्टर होते. मी त्यांना म्हटले, "तुमचं बरं आहे. पेरणी इथे, कापणी दवाखान्यात." त्यांना विनोद कळला नाही. ते मन लावून बघत होते.

शेफबाईंनी आधी स्वतः करून दाखवले. वितळलेले चॉकलेट त्यांनी संगमरवरी फरशीवर ओतले आणि दोन रुंद पात्यांनी ते पसरत, गोळा करत, पुन्हा पसरत राहिल्या. चॉकलेट आधी तापवायचे, मग हे असे थंड करायचे, मग पुन्हा किंचित ऊब द्यायची. त्याने चकाकी येते आणि मोडताना आवाज येतो. हे चुकले की चॉकलेट मळकट होते, बोटाला चिकटते. थोडक्यात, सगळी विद्या त्या फरशीवर होती. बाईंचा हात चालत होता तोवर मीसुद्धा गप्प होतो. काम येणारा माणूस काम करताना दिसला की हसू येत नाही.

आणि इथे साडूंनी मला चकित केले. त्यांनी हात वर केला. "मॅडम, मला हे फरशीवरचं करायचंय. हेच करायचंय."

शेफबाई गोड हसल्या. "याला खूप सराव लागतो, सर. आणि फरशी एकच आहे. तुमच्यासाठी आम्ही सगळं रेडी ठेवलंय."

त्यांनी खूण केली. मागचा पडदा सरकला. तिथे एक यंत्र घुमत होते, त्याच्या पोटात चॉकलेट आपोआप तापत होते, आपोआप निवत होते, आणि नळातून तयार होऊन पडत होते. त्या नळाखाली भरलेला एकेक वाडगा प्रत्येकासमोर आला. आता काय करायचे? तर 'फील' येण्यासाठी जरा ढवळायचे, साच्यात ओतायचे, साचा टेबलावर आपटून बुडबुडे काढायचे आणि वर आवडेल ते भुरभुरवायचे. मग फ्रीज. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा होण्याचे रीतसर शिक्षण. कोणी नापास होणारच नाही अशी शाळा मी पहिल्यांदा पाहिली. नापास झालेला माणूस पुढच्या कार्यशाळेला येत नाही, हा यातला व्यवहार. तो मला लगेच कळला आणि बाईंचे कौतुकही वाटले.

साडू आधी खट्टू झाले होते. पण ओतायला लागले तसा त्यांचा चेहरा खुलत गेला. आपटताना त्यांनी बाह्या वर केल्या. भुरभुरवताना तर ते डॉक्टरांना शिकवू लागले. "नाही नाही, उंचीवरून टाका. माझी पद्धत बघा." फ्रीजमधून साचे निघाले, उलटे केले, आणि काळीभोर, आरशासारखी चॉकलेटे टपटप खाली पडली. साडूंनी त्यांतल्या एकात स्वतःचे तोंड पाहिले. मी शपथेवर सांगतो, त्या घडीला पडद्यामागचे यंत्र त्यांच्या डोक्यातून कायमचे गेले. लोक त्याला खोटेपणा म्हणतील. खोटे बोलायला आधी खरे लक्षात ठेवावे लागते. साडूंना तेवढाही त्रास होत नाही.

परतीच्या वाटेवर डबा मांडीवर धरून ते कपाटाची मापे बोलत होते. "खिडकी बंद करावी लागेल हं. ऊन नको."

घरी ताई कुणाच्या तरी कोटाचे अस्तर उसवत बसल्या होत्या. माझी बायकोही निकाल ऐकायला आलेली. साडूंनी डबा कापायच्या टेबलावर ठेवला आणि झाकण असे उघडले की त्यातून कबुतर निघावे. ताईंनी चष्मा पुसला. एक चॉकलेट उचलून खिडकीपाशी धरले. चकाकत होते. दोन्ही हातांत धरून मोडले.

टक्.

ताईंनी अर्धा तुकडा तोंडात टाकला, हळूहळू चघळला. "छान झालंय," त्या म्हणाल्या. मग त्या उठल्या, मशीनवरची रिळे एकेक करून डब्यात भरू लागल्या. टेप गुंडाळली. मशीनचे झाकण कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिले. त्यांनी ना सुस्कारा टाकला ना टोमणा मारला. शब्द दिला होता, तो त्या पाळत होत्या. आणि साडू एवढ्यात पावलांनी खिडकीची रुंदी मोजत होते.

बायको माझ्याकडे बघत होती. सकाळी निघताना हिनेच बजावले होते, "तिथे तोंड उघडू नका." आता तिची नजर उलटे सांगत होती.

"ताई, थांबा," मी म्हणालो. "हे यंत्रानं केलंय. ह्यांनी ओतलं."

"साडूभाऊ!" साडू गर्रकन वळले. "ओतलं कुणी? मी. आपटलं कुणी? मी. वरचं सगळं कुणी केलं?"

"वरचं तुम्ही केलंत. आतलं यंत्रानं केलं. खाताना आतलंच जास्त असतं."

"हे बघा, गिरणीत दळून आणलं म्हणून स्वयंपाक गिरणीवाल्याचा होतो का?"

मुद्दा वाईट नव्हता. साडूंचे मुद्दे वाईट नसतातच. हात वाईट असतात. माझी बायको उसळून म्हणाली, "भाऊजी, उगाच शब्दांचा कीस काढू नका!" पण ताईंनी तिला हाताने थांबवले. त्यांच्या दुसऱ्या हातात अजून रिळांचा डबा होता.

"मी कोट शिवते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माप घेते, कापते, शिवते. शेवटी बटण तुम्ही लावून दिलंत, तर कोट तुम्ही शिवला म्हणाल?"

साडूंनी चॉकलेटच्या डब्याचे झाकण लावले.

"तुम्हाला येतं ना? मग वाद कशाला. उद्या इथे, माझ्या ओट्यावर करा. यंत्र नाही, बाई नाही. आणि भाऊजी, तुम्ही समोर बसायचं, पण चकार शब्द काढायचा नाही."

रिळे त्यांनी परत काढली नाहीत, डबा भरलेलाच ठेवला. न्याय म्हणजे न्याय.

दुसऱ्या दिवशी साडू कालचेच ॲप्रन घालून ओट्यापाशी उभे होते. कार्यशाळेतून येताना ते तसेच घेऊन आले होते म्हणे, आठवण म्हणून. साध्या चॉकलेटच्या वड्या आणल्या होत्या, साचेही आणले होते. संगमरवर नव्हता, म्हणून स्टीलचे मोठे ताट उलटे घातले होते. पातेल्यात पाणी, पाण्यावर वाडगा, वाडग्यात चॉकलेट, इथवर ठीक होते. चॉकलेट विरघळू लागले, घरभर वास सुटला. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला भीती वाटू लागली की माणूस खरोखरच जिंकतो की काय.

आणि साडूंनी वाडग्यावर झाकण ठेवले.

पाण्याचा थेंबसुद्धा चॉकलेटला चालत नाही, हे शेफबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितले होते. तेव्हा साडू डॉक्टरांना उंचीवरून कसे टाकायचे ते दाखवत होते. पण आयुष्यभर भांडार सांभाळलेल्या माणसाला उघडे भांडे बघवत नाही. धूळ बसेल, माशी पडेल; त्यांच्या घरात पाण्याच्या तांब्यालाही झाकण आणि झाकणावर वाटी असते. झाकणाच्या आत वाफ जमली, वाफेचे थेंब झाले, आणि साडूंनी झाकण तिरके करून उचलले तेव्हा ते सगळे सरळ वाडग्यात उतरले.

चॉकलेट क्षणभर विचारात पडल्यासारखे दिसले. मग ते आवळले. डाव फिरेना. मऊ रेशमाचा ओल्या मातीचा गोळा झाला.

"आटलंय," साडू म्हणाले. आणि घट्ट झालेल्या कोणत्याही पदार्थाला जे करतात तेच त्यांनी केले. पेलाभर पाणी ओतले.

माझ्या घशात हसू अडकले, ते मी खोकल्यावर भागवले. आता वाडग्यात खाली चिखल होता आणि वर गढूळ पाणी. साडूंनी आच वाढवली. तळाला लागले. आच कमी केली, तोवर जळका वास आला. मग त्यांनी ते उलट्या ताटावर ओतले आणि कालच्या बाईंसारखे उलथन्याने पसरू लागले. पाणी ताटाच्या कडेने ओघळून त्यांच्या चपलांवर पडले.

"वड्याच हलक्या प्रतीच्या आहेत," साडू म्हणाले.

ताईंनी त्यांच्या पायाशी फडके टाकले.

"इथे उकाडा किती आहे. तिथे एसी होता. आणि हे ताट... तू काहीतरी बोल ना!"

"मी काय बोलू?" ताई म्हणाल्या. "मोडून दाखवा. टक् वाजलं की खोली तुमची."

साडूंनी खरोखर त्या चिखलात बोट घातले. बोट आत गेले. कसलाच आवाज आला नाही. ते उभे राहिले, बोट तसेच वर धरून. "पुढच्या आठवड्यात," त्यांनी सुरुवात केली, "जर नीट सामान मिळालं..."

"ह्या जन्मात म्हणाले होते मी," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पुढच्या आठवड्यातही जन्म हाच असेल."

त्या पुढच्या खोलीत गेल्या. आम्हीही मागोमाग गेलो. डब्यातली रिळे त्यांनी परत काढली, रंगांप्रमाणे लावली, मशीन खिडकीकडे बोटभर आणखी सरकवले. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. साडू सवयीने स्वयंपाकघरातून निघून दार उघडायला गेले, ॲप्रनसकट, हातात जळके उलथने घेऊन. दारात कोटवाल्या बाई होत्या.

"बाई आहेत का?" त्यांनी विचारले.

साडू बाजूला झाले. बाई आत आल्या, कोट अंगात चढवला, ताईंनी ओठांत टाचण्या धरून बाही दुमडायला घेतली. बाईंनी हवेत दोनदा हुंगले आणि ॲप्रन घालून परत आत चाललेल्या साडूंच्या पाठीकडे पाहिले.

"काहीतरी छान चाललंय वाटतं आत. मिस्टर काय करतायत?"

"हात सरळ ठेवा," ताई टाचण्यांमधून म्हणाल्या. "भांडी घासतायत."